नंबर शून्य, डोळे मात्र दमलेले

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या अभ्यासिकेत दिवसभर बसणाऱ्या पोरापोरींची तक्रार ठरलेली असते. दुपारनंतर अक्षरं पुसट होतात, कपाळ ठणकतं, पुस्तकातून मान वर केली की भिंतीवरचं घड्याळ लगेच स्पष्ट दिसत नाही. तपासायला गेलं, तर सहा मीटरवरच्या तक्त्याची शेवटची ओळसुद्धा घडाघड वाचून होते. ‘नंबर नाही’ ऐकून पोरगं निळा प्रकाश अडवणारा चष्मा घेऊन परततं. तो खर्च वाचवावा. २०२३मध्ये वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या अभ्यासकांनी १७ चाचण्या एकत्र तपासल्या. अशा भिंगांनी, निदान थोड्या काळात तरी, डोळ्यांचा ताण कमी झाल्याचं दिसलं नाही.

दुखणं असतं जवळच्या नजरेत, आणि तक्ता तपासतो लांबची. जवळचं पाहताना डोळ्यातला वर्तुळाकार स्नायू आवळतो, भिंग फुगतं आणि त्याच वेळी दोन्ही डोळे नाकाकडे वळतात. विशीत भिंगाची ही क्षमता साधारण १२ डायऑप्टर (भिंगाची ताकद मोजायचं एकक) असते; ४० सेंटिमीटरवरच्या पुस्तकाला अडीच पुरतात. ताकद कमी नाही, म्हणजे जोर-बैठकांचा उपयोग नाही. तालमीच्या भाषेत, इथे डाव घोटावा लागतो: भिंगाने चटकन फुगायचं, चटकन सैल व्हायचं, दोन्ही डोळ्यांनी एकाच बिंदूवर टिकायचं.

तमिळनाडूतल्या शाळकरी मुलांच्या एका पाहणीत जवळच्या नजरेचे असे दोष जवळपास ३० टक्के मुलांत आढळले. त्यावर डॉक्टर बहुतेकदा पेन्सिल नाकाकडे आणायचा व्यायाम सांगतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत डोळे नीट आत न वळणाऱ्या २२१ मुलांवर १२ आठवडे उपचार झाले. दवाखान्यात तज्ज्ञासमोर व्यायाम आणि घरी सराव करणाऱ्यांपैकी ७३ टक्के सुधारले, घरी नुसती पेन्सिल धरणाऱ्यांपैकी ४३, आणि खोटा उपचार घेणाऱ्यांपैकी ३५. पेन्सिल बिचारी खोट्या उपचाराच्या फारशी पुढे गेली नाही! ती मुलं ९ ते १७ वर्षांची होती, पण तरुणांनाही याच धर्तीचे व्यायाम देतात.

तक्ता स्पष्ट दिसण्याच्या उलटही घडतं. आवळलेला स्नायू सुटतच नाही, लांबचं धूसर होतं आणि यंत्र मायनस नंबर दाखवतं. तसा चष्मा लावला, तर स्नायूला आणखी आवळावं लागतं. म्हणून अचानक मायनस नंबर निघाला की स्नायू सैल करणारे थेंब घालून पुन्हा तपासायला सांगावं. त्या दिवशी वाचता येत नाही आणि उन्हाने डोळे दिपतात, पण नंबर खोटा असेल तर तिथेच उघडा पडतो.