डोमकावळा आणि ‘रेव्हन’

इंग्रजी कवितेंतील ‘रेव्हन’ म्हणजे आपला डोमकावळा, असें मुलांस सर्रास सांगण्यांत येतें. तें यथार्थ नव्हे. रेव्हन हिमालयांत व राजस्थानच्या रुक्ष मुलखांत आढळतो. लांबी सुमारें दोन फूट, गळ्याखालीं विस्कटलेलीं लांब पिसें, शेपटी पाचरीसारखी, आणि आवाज खोल व घोगरा.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यांत, नित्य दिसतात ते कावळे दोन. गांवकावळा सुमारें 17 इंचांचा. त्याची मान राखी व ‘काव काव’ कांहींशी चिरकी. डोमकावळा सुमारें 19 इंचांचा, सर्वांगीं काळा, जाड चोंचीचा. त्याचा स्वर अधिक भरदार. मांजर किंवा घुबड दृष्टीस पडतांच दोघेही कर्कश हाकाटी करितात, आणि ती ऐकून भोंवतालचे कावळे गोळा होतात. त्यांचें ओरडणें निरर्थक नसतें.

याच जिल्ह्यांतील नेवाशास 1290 सालीं ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. त्याच ज्ञानेश्वरांच्या एका विराणींत कावळ्याचें ओरडणें शुभशकुन ठरलें आहे. पितृपक्षांत पान मांडून आपण ज्याची वाट पाहतों, त्याचें रूप आणि त्याचा कंठ आपणांस ओळखतां येऊं नये काय?