एकाच विमानाची कंपनी

16 जानेवारी 1933 रोजी सेनेगलमधल्या सँ-लुईहून निघालेले तीन इंजिनांचे एक विमान दक्षिण अटलांटिक ओलांडून ब्राझीलच्या नाताल शहरी उतरले. सुमारे 3,200 किलोमीटरच्या या प्रवासाला साडेचौदा तासही लागले नाहीत. विमान चालवत होता टपालवाहतुकीतला नामवंत वैमानिक ज्याँ मेर्मोझ आणि आत बसला होता विमानाचा रचनाकार रने कुझिने. तेव्हा त्याने वयाची तिशीही गाठली नव्हती. विमानाचे नाव ‘आर्क-आँ-सिएल’, म्हणजे इंद्रधनुष्य. एवढे यश पदरात पडूनही कुझिनेची कंपनी त्याच दशकात संपली. कुझिने हट्टी होता, व्यवहारात कच्चा होता, असे म्हणून या अंताचा विषय बहुधा मिटवला जातो. मला ते पटत नाही. ही कंपनी बुडाली ती पहिल्या विमानानंतर दुसऱ्याची मागणी आली नाही म्हणून, आणि ती न येण्याची कारणे तिच्या कारखान्याबाहेर होती.

कुझिनेचा आरंभ दुर्दैवी होता, हे आधी मान्य करायला हवे. त्याच्या पहिल्या ‘आर्क-आँ-सिएल’ने मे 1928 मध्ये उड्डाण केले आणि ऑगस्टमध्ये ते कोसळले, वैमानिक मोरिस द्रुएँ त्यात दगावला. दुसरे विमान 1930 साली आगीत जळाले. एखाद्या लहान कंपनीने इथेच दुकान बंद केले असते. कुझिनेने मात्र मूळ कल्पना सोडली नाही: एक इंजिन बंद पडले तरी उरलेल्यांवर प्रवास पुरा करू शकेल असे, जमिनीवरून उडणारे लांब पल्ल्याचे विमान. फेब्रुवारी 1932 मध्ये उडालेल्या तिसऱ्या विमानाचा पंख 30 मीटर लांबीचा होता, आणि इतका जाड की उड्डाण चालू असताना यंत्रज्ञ आतून सरपटत इंजिनापर्यंत जाऊ शके. या कल्पनेची खरी कसोटी लागली ती मे 1933 मधल्या परतीच्या प्रवासात. वाटेत एक इंजिन निकामी झाले आणि विमान उरलेल्या दोन इंजिनांवर डाकारला पोचले. माझ्या मते जानेवारीच्या विक्रमापेक्षा ही घटना अधिक मोलाची आहे. टपालखात्याला विक्रमाचा उपयोग नसतो. पत्रे पोचणार की नाही, एवढेच त्याला हवे असते.

यावर पहिला आक्षेप असा, की विमान तयार नव्हतेच. नातालचे मैदान त्याच्या भरल्या वजनाच्या उड्डाणाला अपुरे पडले, परतायला मे उजाडला, पुढे बऱ्याच दुरुस्त्या कराव्या लागल्या आणि टपालाच्या फेऱ्या मे 1934 अखेर सुरू झाल्या. हे सगळे खरे आहे. पण शेजारी लातेकोएर 300 हे जलविमान ठेवून पाहा. त्याचा पहिला नमुना डिसेंबर 1931 मध्ये चाचणीच्या वेळी पाण्यात बुडाला होता. तो वर काढला, नव्याने बांधला, ‘क्रुआ-द्यु-स्युद’ या नावाने सेवेत आणला, आणि त्याच्यावरून बेतलेल्या आणखी तीन विमानांची (लातेकोएर 301) मागणीही नोंदवली गेली. पहिल्या नमुन्यातले दोष कुझिनेकडेही होते आणि लातेकोएरकडेही. फरक इतकाच, की तुलूजच्या जुन्या, मोठ्या कारखान्याच्या दोषाला दुरुस्तीची मुदत आणि पुढचे काम मिळाले. कुझिनेच्या वाट्याला फक्त दुरुस्ती आली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. महासागरावर संकट आले तर पाण्यावर उतरता येईल असेच विमान हवे, असे तेव्हाच्या जाणत्यांचे मत होते. 1930 मध्ये मेर्मोझला याचा अनुभवही आला होता: दक्षिण अटलांटिक ओलांडून परतताना त्याचे तरंड्यांचे लातेकोएर 28 समुद्रावर उतरले, विमान गेले, पण माणसे आणि टपाल वाचले. ब्लेरिओच्या ‘सांतोस-द्युमाँ’ या जलविमानानेही या मार्गावर चांगली सेवा दिली. म्हणजे जलविमानांची बाजू पोकळ नव्हती. तरी फेब्रुवारी 1936 मध्ये लातेकोएर 301 पैकी ‘व्हिल द ब्युनॉस आयर्स’ माणसांसह नाहीसे झाले, आणि 7 डिसेंबरला ‘क्रुआ-द्यु-स्युद’ मेर्मोझसह गेले. मागचे उजवे इंजिन बंद करत असल्याचा संदेश आला आणि मग काहीच आले नाही. जमिनीवरून उडणारी विमानेही बेपत्ता झाली, द्वोआतीन कंपनीचे ‘अंतारेस’ 1937 मध्ये गेले. तेव्हा कुझिनेचीच रचना बिनधोक होती असा दावा करता येणार नाही. पण जलविमानाच्या ज्या सुरक्षिततेसाठी त्याची रचना बाजूला सारली, ती सुरक्षितता तितकी भरवशाची नव्हती, एवढे नक्की म्हणता येते.

सरकारने प्रत्येक लहान कारखाना पोसायचा का, हा प्रश्न उरतो. फ्रान्समध्ये तेव्हा विमान बांधणारे फार होते, पैसा विखुरला जात होता. 1933 मध्ये विमानवाहतूक कंपन्या एकत्र करून एअर फ्रान्स उभी राहिली, 1936 मध्ये युद्धविमानांच्या कारखान्यांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा आला. एकत्रीकरणाची गरज मी नाकारत नाही. पण निवड करताना रचना तोलली गेली की कारखान्याचा आकार? याचे उत्तर फार्मान कंपनीकडे पाहिले की मिळते. जून 1935 मध्ये तिच्या ‘ल साँतोर’ने अटलांटिक ओलांडला आणि पुढे याच घराण्यातली विमाने टपाल नेऊ लागली. तीही जमिनीवरून उडणारी, अनेक इंजिनांची. मात्र त्यांचा जन्म बॉम्बफेकी विमानातून झाला होता. लष्कराच्या मागणीने फार्मानला थांबायची ताकद दिली. कुझिनेपाशी लष्करी गिऱ्हाईक नव्हते. अटलांटिक ओलांडलेल्या त्या ‘आर्क-आँ-सिएल’ची दुसरी प्रत कधीच बांधली गेली नाही.