उपचार सारखे मिळाले तर?

अमेरिकेत प्रोस्टेट कर्करोगाने होणारे मृत्यू गोऱ्या पुरुषांपेक्षा कृष्णवर्णीयांत सुमारे दुप्पट आहेत. त्यामुळे त्यांचा आजारच मुळात जास्त घातक, असा समज रुजला. ड्यूक विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञ सुसान हलाबी आणि सहकाऱ्यांनी तो आकडेवारीवर घासून पाहिला. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नऊ मोठ्या वैद्यकीय चाचण्यांतील ८,८२० रुग्णांची माहिती एकत्र केली होती. सगळ्यांचा कर्करोग शरीरात पसरलेला, संप्रेरक उपचारांना दाद न देणारा. आणि सगळ्यांना डोसिटॅक्सेल ही केमोथेरपी मिळालेली.

कृष्णवर्णीयांचा मध्यक जीवनकाळ निघाला २१ महिने, गोऱ्यांचा २१.२. वय, रक्तातील पीएसए या प्रोस्टेटच्या प्रथिनाची पातळी, आजाराचा फैलाव असे घटक हिशेबात धरल्यावर तर कृष्णवर्णीयांचा मृत्यूचा धोका १९ टक्क्यांनी कमी दिसला!

मग चाचणीबाहेर चित्र उलटे का? कृष्णवर्णीयांना हा आजार मुळात जास्त प्रमाणात होतो आणि त्यात आनुवंशिकतेचाही वाटा आहे. पण उशिरा होणारे निदान, अपुरा विमा, तज्ज्ञांपर्यंत न पोहोचणे ही कारणे माणसांनी निर्माण केलेली आहेत. त्यांचे खापर जनुकांवर फोडणे अन्यायाचे आहे.

निष्कर्ष वाचताना एक भान हवे. चाचणीत घेतले जाणारे रुग्ण तुलनेने धडधाकट आणि रुग्णालयाशी जोडलेले असतात. शिवाय त्या ८,८२० जणांत कृष्णवर्णीय होते फक्त ५००, म्हणजे जेमतेम सहा टक्के.