कारखान्याचा गोंगाट आणि आपले कान

मनोरहून बोईसर-तारापूरला पाळीला जाणारे अनेकजण आहेत. कुणी मागावर, कुणी पत्र्याच्या कामावर, आवाज सगळीकडेच. मी विमानाचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात स्वयंचलन अभियंता आहे. म्हणजे भोके पाडणारा, रिव्हेट ठोकणारा यंत्रमानव बसवायचा, त्याला काम शिकवायचे, अडला तर मार्गी लावायचा. लोक म्हणतात, यंत्रमानव आला म्हणजे माणूस सुटला. तब्येतीपुरते हे अर्धेच खरे.

विमानाला लागणारे बळकट ॲल्युमिनियमचे मिश्रधातू वेल्डिंगला सहसा दाद देत नाहीत, म्हणून रिव्हेट. बोइंग 747 च्या सुमारे 60 लाख भागांपैकी निम्मे असले जोडसामानच. नाशिकजवळ ओझरला 1964 साली मिग विमानांसाठी कारखाना निघाला, त्या काळी हे काम हातातल्या हवेच्या बंदुकीने होई. त्या हादऱ्यांनी बोटे बधिर होतात, पांढरी पडतात. यंत्रमानवाने बोटे वाचवली, आवाज उरलाच.

चालू पाळीत तो कुंपणाआड असतो. पण शिकवताना मला आत जाऊन जवळ उभे राहावे लागते. तेव्हा त्याचा वेग सेकंदाला 250 मिलिमीटरच्या आत ठेवतात. सुटणाऱ्या हवेच्या फुत्काराला मात्र असा लगाम नाही.

हिशेब पाहा. 85 डेसिबलमध्ये आठ तास, ही अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने सुचवलेली मर्यादा. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 88 ला चार तास, 100 ला जेमतेम 15 मिनिटे!

आतल्या कानातील केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. पहिला घाव बहुधा 4000 हर्ट्झच्या आसपास बसतो. माझ्या तपासणीच्या आलेखात तिथे खळगा आहे. घरात मुलगी बोलते ते ऐकू येते, पण 'साप' म्हणाली की 'ताप', ते तोंडाकडे पाहून ठरवावे लागते. रात्री निजताना कानात बारीक शिटी वाजत राहते. याला औषध नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. गोंगाटाचा बहिरेपणा 1976 च्या दुरुस्तीने कारखाना कायद्यातील कळवण्याजोग्या आजारांत घातला गेला, तरी आपल्याकडे तो वयाच्या खात्यावर मांडला जातो.

कापसाचा बोळा पुरत नाही. फोमचा प्लग बोटांनी वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कान वर व मागे ओढून आत सारावा आणि फुगेपर्यंत दाबून धरावा. हात स्वच्छ हवेत. कान वाहत असेल तर प्लग घालू नये, वरून बसणारे इअरमफ वापरावे. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तिथे प्लग हवाच.

श्रवणतपासणी वर्षातून एकदा करावी, तीही सुट्टीनंतर, पाळीवर जाण्याआधी. कामावरून थेट गेल्यास थकलेला कान आलेख बिघडवतो.