हरणे गावाकडे का येतात?

सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रेनजीक सागरेश्वर अभयारण्य आहे. उघड्या-बोडक्या डोंगरावर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने झाडे लावून हे वन उभे राहिले, पुढे तेथे हरणे आणून सोडण्यात आली, व १९८५ साली त्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला. सांबर, चितळ व काळवीट तेथे आढळतात. त्याचे क्षेत्र सुमारे १०.८७ चौरस किलोमीटर, म्हणजे लहानच. आणि भोवताली सर्वत्र शेती आहे.

हरणे बाहेर पडतात याचे मूळ या स्थितीत आहे. उन्हाळ्यात डोंगरावरील गवत वाळते व पाणवठे आटतात. त्याच वेळी पायथ्याशी बागायती पिके हिरवीगार असतात. कोवळी पिके रुचकर, तर ऊस लपण्यास सोयीचा. अशा रीतीने कळप रात्री शेतात उतरतो. पहाट झाली, कुत्री मागे लागली, की वाट चुकलेले जनावर रस्त्यावर अथवा वस्तीत शिरते.

गव्याचेही असेच होते. वारणेच्या काठचा सलग ऊस चांदोलीच्या जंगलाकडून थेट सांगलीच्या बाजूस येणाऱ्या जनावरास आडोसा व पाणी पुरवितो. डिसेंबर २०२१ मध्ये सांगलीच्या मार्केट यार्डात गवा शिरला. वनविभागाने त्यास सुखरूप बाहेर नेले. त्यापूर्वी ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्यात कोथरूड येथे आलेला गवा मात्र लोकांच्या गर्दीत धावून धावून थकला व पकडल्यानंतर मरण पावला. भयाने अतिशय धावलेल्या जनावराचे शरीर तापते, स्नायू निकामी होतात. हरणांच्या बाबतीत तर हा धोका फार मोठा असतो.

शेतकऱ्याचे नुकसान खरे आहे. त्याचा राग शिक्षकाने हसण्यावारी नेऊ नये. पीकहानीची भरपाई शासनाकडून मिळू शकते, त्यासाठी वनविभागास विनाविलंब कळवून पंचनामा करवून घ्यावा, हे पालकसभेत सांगावे.

विद्यार्थ्यांस तीन गोष्टी ठसवाव्यात. वन्य प्राणी दिसल्यास पाठलाग व आरडाओरडा करू नये. कुत्री बांधून ठेवावीत. गवतात एकटे पाडस दिसल्यास उचलू नये, कारण आई त्यास लपवून चरावयास गेलेली असते व दूध पाजण्यास परत येते. वडील माणसांकरवी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. वन्य प्राणी पकडणे वा पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हेही सांगावे.

परिसर अभ्यासाच्या तासास गावचा नकाशा काढून त्यावर वन, ओढा, ऊस व रस्ता दाखवावा. हरिण कोणत्या वाटेने येत असेल, हे मुले आपण होऊन सांगतील.