बैठकीत खांबाला टेकवलेली बंदूक

हेदवीहून आम्ही बोलतोय. आजचा विषय बंदुकीचा आहे. बायकांच्या कार्यक्रमात बंदूक कशाला, असं काही जणींना वाटेल. पण ती आमच्या बैठकीतच येऊन बसली, म्हणून बोलायची वेळ आली.

झालं असं, वाडीची सकाळची बैठक होती, विषय पाणीपट्टीचा. एक दादा रात्रभर बागेत राखण करून तसेच सरळ बैठकीला आले. खांद्याला ठासणीची बंदूक, रीतसर परवान्याची. ती त्यांनी खांबाला टेकवली आणि बसले. कुणावर रोखली नाही, कुणाला वेडंवाकडं बोलले नाहीत. पण आमच्यातल्या दोघी त्या दिवशी थकबाकीचं विचारणार होत्या, आणि थकबाकीदारांत या दादांचंही घर होतं. दोघी काही बोलल्याच नाहीत.

घरी परतताना आमच्यातच जुंपली. एकीचं म्हणणं, "त्यांचं काय चुकलं? रात्रभर जागलेला माणूस आहे." दुसरी म्हणाली, "चुकलं नसेल, पण माझ्या तोंडातून शब्द फुटेना."

पहिलीचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. डुकरांनी एका रात्रीत भाताचा कोपरा लोळवला की काय होतं, वानरांनी कोवळे नारळ आणि आंब्याची फळं कशी ओरबाडून टाकली, हे आपल्याला कुणी सांगायला नको. म्हणूनच कोकणात शेतीसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मिळतो. आता एक गोष्ट नीट ऐका, कारण इथे पुष्कळांची गल्लत होते. हा परवाना बंदूक बाळगायचा आहे, जनावर मारायचा नाही. डुक्कर, वानर यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. मारायचं तर वनखात्याची वेगळी परवानगी लागते. राखणीची बंदूक मुख्यतः बार काढून पळवून लावायला.

मग ती उघड खांद्यावर टाकून माणसांत यावं का? याचं उत्तर नियमातच आहे. शस्त्र नियम २०१६ सांगतात, की सार्वजनिक ठिकाणी बंदूक न्यायची तर ती पिशवीत किंवा म्यानात, पूर्ण झाकलेली हवी आणि नेणाऱ्याच्या ताब्यात हवी. दाखवत फिरणं, उगाच बार काढणं याला सक्त मनाई. खांबाला टेकवून ठेवणं तर ताब्यातही नाही आणि झाकलेलंही नाही. शेजारी पोरं खेळत होती, ते वेगळंच. लग्नात किंवा मिरवणुकीत हौसेने गोळी झाडून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर २०१९ च्या दुरुस्तीपासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

जगात सगळीकडे असं नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत बंदूक उघड बाळगता येते. टेक्सासमध्ये २०२१ पासून, कायद्याने बंदी नसलेल्या एकवीस वर्षांवरच्या माणसाला पिस्तुलासाठी परवानाही लागत नाही. तिथले लोक म्हणतात, हा आमचा घटनेतला हक्क. शस्त्र दिसलं की चोर लांब राहतो. विरोधक म्हणतात, शस्त्र दिसलं की चोराआधी शेजारी गप्प होतो. एप्रिल २०२० मध्ये मिशिगन राज्याच्या विधानभवनात निदर्शक रायफली घेऊन शिरले. तेव्हा ते तिथे कायदेशीर होतं. काही आमदार छातीला गोळीरोधक जाकीट बांधून बसले होते. पुढच्या जानेवारीत तिथे उघड शस्त्राला बंदी झाली. आमदारांची ही गत, मग आमच्या दोघी गप्प बसल्या त्यात नवल ते काय?

आपल्याकडेही हा वाद जुना आहे. १८७८ च्या इंग्रजांच्या शस्त्र कायद्यात हिंदी माणसाला परवाना लागे आणि गोऱ्यांना सूट होती. तो अपमान लोकांना फार लागला होता. म्हणून घटना लिहिताना, डिसेंबर १९४८ मध्ये, ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क घालावा अशी सूचना मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही आणि ती नामंजूर झाली. घटनेच्या १९ व्या कलमात एकत्र जमण्याचा हक्क आहे, पण शांततेने आणि विनाशस्त्र. हा शब्द वाचला तेव्हा आम्हाला आमचीच बैठक आठवली.

आता घरातलं थोडं. आपल्याकडे पुष्कळदा बंदूक सासऱ्यांच्या नावावर, मुलगा मुंबईला आणि घरात राहते सून. परवान्यावर नाव नसलेल्याने ती घेऊन फिरणं गुन्हा आहे, मग तो घरचाच असो. परवानाधारक वारला तर बंदूक माळ्यावर तशीच ठेवू नका. ती जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करायची आणि पोच घ्यायची. वारसाला हवी असेल तर त्याने नवा अर्ज करायचा. परवान्याची मुदत किती आणि क्षेत्र कोणतं लिहिलंय, तेही एकदा काढून वाचा; दोन्ही त्या कागदावरच असतं. निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक जमा करायचा आदेश आला, तरीही पोच घेतल्याशिवाय परतू नका.

आणि आमच्या त्या दादांचं काय झालं? आम्ही चौघी त्यांच्या खळ्यात गेलो. आधी त्यांच्या आईशी बोललो, मग त्यांच्याशी. ते जरा चिडले. म्हणाले, "मी काय कुणाला मारायला आलो होतो?" आम्ही म्हटलं, नाही, पण आम्हाला बोलता आलं नाही. मग ते थोडा वेळ गप्प राहिले. त्यांची अडचणही खरी होती. बागेतून घरी जाऊन परत यायला अर्धा तास मोडतो आणि बैठक तोवर उरकते.

पुढची बैठक आम्ही नऊऐवजी साडेनऊला ठेवायला लावली. दादा आंघोळ करून, हात हलवत आले. थकबाकीचा प्रश्न निघाला. त्यांनी वाद घातला, आम्हीही घातला. शेवटी दोन हप्ते ठरले, आणि पहिला परवा जमा झाला.