मद्यमुक्तीच्या सभेचा शोध : वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात

१९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात सुरू झालेली ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही मद्यपाशातून सुटू पाहणाऱ्यांची संघटना सभासदाकडून शुल्क घेत नाही आणि दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट घालते. सभेत सभासद केवळ पहिले नाव सांगून स्वतःचा अनुभव मांडतो आणि बाकीचे उपदेश न करता ऐकून घेतात. ‘खुल्या’ सभेला कुटुंबीय व इतर इच्छुकही बसू शकतात, तर ‘बंद’ सभा केवळ व्यसनग्रस्तांसाठी असते. ही निनावी पद्धत मोठ्या शहरात सहज निभते. पण मानोरा किंवा रिसोड तालुक्यातील लहान गावात, जिथे एसटीतून कोण उतरले हेही पारावर ठाऊक असते, तिथे वाशीम, कारंजा किंवा शेजारच्या अकोल्यातील सभेची चौकशी करणे अनेकांना सोयीचे वाटावे, यात नवल नाही. चौकशीची सुरुवात १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीवरून किंवा जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागातून करता येते. सभा मात्र औषधोपचाराची जागा घेत नाही, कारण दीर्घकाळ रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी थांबवल्यास हातांना कंप, झटके व भ्रम अशी ‘विरती-लक्षणे’ उद्भवून जीवही धोक्यात येऊ शकतो. म्हणूनच अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात उभारलेल्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रांत निवासी उपचार दिले जातात आणि त्यानंतरही पाठपुरावा चालू राहतो.